चंद्रकांताचा तिसरा नमुना

कामिनी निमजेच्या घराण्यात तीन पिढ्या मोहाडीला हातमागावर बसल्या. चौथ्या पिढीने करडी गावाच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं ठरवलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "बसाचंच आहे, तं मागावर बस, साडी तरी निघते." कामिनी लोकांची विष्ठा तपासते, हा तपशील स्थळं पाहताना घरचे गाळत.

आषाढात चंद्रकांता आली. धानाची रोवणी करणाऱ्या वीस बायांची म्होरकी; आता मात्र बांधीचा धुरा, म्हणजे धानाच्या शेताचा हातभर बांध, चढली तरी धाप लागे. रक्तातलं हिमोग्लोबिन सहा. लोहाच्या गोळ्या चार महिने चालू, तरी आकडा जागचा हलेना. सोबतच्या सासूने, मंगलाबाईने, निदान आधीच करून ठेवलं होतं.

"गोळ्या उकिरड्यावर फेकून राहिली, म्याडम. कामचोर आहे."

"एकनएक गोळी खाल्ली," चंद्रकांता म्हणाली. "पन कोनाले पटते? टोळीनं दुसरी म्होरकी पाहून ठेवली."

डॉक्टरांनाही पटत नव्हतं. कारण जंत नाहीत असं सांगणारे दोन अहवाल फायलीत होते, दोन्ही कामिनीच्याच सहीचे.

तिसरा नमुना आला तेव्हा कामिनीने आत काय आहे ते पाहण्याआधी डबी पाहिली. तंबाखूसोबत बाळगतात ती चुन्याची डबी, कडेला पांढरा थर जसाच्या तसा. त्यात जंताची नाजूक अंडी शाबूत राहिली असती तरच नवल.

"आम्ही दिलेली डबी कुठं गेली?"

"तिच्यात हळद ठेवली," चंद्रकांता म्हणाली. "आधीचे दोन्ही नमुने बी याच डबीत आनले. एवढी झाकनाची चांगली डबी, तिच्यात हे भरू काय?"

सरकारी डब्या गावभर कुठल्या कामी लागल्या, हे कामिनीला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती नवी डबी घेऊन चंद्रकांताच्या दारात हजर झाली. मंगलाबाईने कपाळाला हात लावला. "सकाळी सकाळी लोक फुलं मांगाले येतात, बापा!"

अर्ध्या तासात नमुना भिंगाखाली. पातळ कवचाची लांबट अंडी, एक नाही, दोन नाही, काचभर. अंकुशकृमी. हा ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पीत बसतो. चंद्रकांता गोळ्या खात होती आणि त्यांचं पुण्य त्याला लागत होतं. रिकाम्या खोलीत कामिनीने एकटीने टाळी वाजवली. मग नवा अहवाल लिहिला आणि जुन्या दोन्हींवर काट मारून खाली पुन्हा सही केली.

जंताची गोळी, पुढे फेरतपासणी, लोह चालूच, पायात चपला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा मंगलाबाईच्या नमुन्यातही अंडी निघाली. ती सुनेचीच असणार, असं सांगून तिने गोळी नाकारली.

कार्तिकात धान कापणीला आलं. रक्त तपासायला ये, असे दोन निरोप गेले, दोन्हींना उत्तर एकच, "टाइम नाही." शेवटी कामिनीच बांधीत उतरली. बोट टोचलं. साडेअकरा. तिने आकडा मुद्दाम मोठ्याने वाचला.

चंद्रकांताने बोट पदराला पुसलं, विळा उचलला आणि टोळीच्या पुढची पात धरली. बघता बघता ती इतकी पुढे गेली की मागून मंगलाबाई ओरडली, "अवं, हळू चाल ना वं! दम लागून राहिला!"

"मंग गोळी खा ना, आत्याबाई!" मागे न वळता चंद्रकांता म्हणाली. वीसच्या वीस बाया हसल्या, आणि विळा काही थांबला नाही.