ओल्या फरशीचा नियम

मिस्त्रीने आयुष्यभर गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरात फरश्या बसवल्या आणि एक नियम कधी कुणाला मोडू दिला नाही: फरशी बसवली की दोन दिवस तिच्यावर पाय नाही. दारात फळी आडवी टाकायचा. एकदा तर घरमालकाच्या सासऱ्यालाच त्याने बाहेर ताटकळत ठेवलं. "सासरा असो नाहीतर साहेब, ओल्या फरशीला नातं कळत नाही," म्हणाला.

शेहेचाळिसाव्या वर्षी उजव्या गुडघ्याने दगा दिला. हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, एका जागी पार झिजलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडू. आतलं रक्त वर येईल, त्यातून नवं अस्तर धरेल. पण सहा आठवडे पायावर भार अजिबात नको."

मिस्त्री खूश झाला. "अहो, आम्हीपण जुन्या कोब्याला छिन्नीने टाचे मारतो. त्याशिवाय वरचा सिमेंटचा माल धरतच नाही!"

तिकडे लेकीचं घर तयार होत होतं. स्वयंपाकघर तिने दुसऱ्या कारागिराला दिलं, पुढची खोली मात्र राखून ठेवली. "ती बाबाच करणार," ती सगळ्यांना सांगायची.

चौथ्या आठवड्यात मिस्त्री कुबड्यांवर नुसतं बघायला गेला. नुसतं बघणं त्याला कधी जमलं होतं? ओट्यापाशी कुबडीने फरशी ठोकली, तर पोकळ वाजली. कारागीर जेवायला गेलेला. मिस्त्रीने कुबड्या भिंतीला लावल्या आणि सवयीने नेमका उजवाच गुडघा टेकला. फरशी उचलली, खाली माल भरला, ठोकून बसवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लेक धावत आली तोवर काम झालं होतं आणि त्याला उठता येत नव्हतं.

पुन्हा दुर्बीण घातली. नवं अस्तर उखडलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्यासुद्धा नाहीत. गुडघ्यावर बसायचं काम आता विसरा, एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

पुढची खोली शेवटी त्याच कारागिराने केली. मिस्त्री बाहेर खुर्चीत बसून दारातल्या आडव्या फळीकडे बघत होता. लेक शेजारी येऊन बसली.

"बाबा, एका फरशीपायी कशाला खाली बसलात?"

"चुकलंच गं माझं," तो म्हणाला. "तुझी फरशी काय, पुन्हा बसवता आली असती."