डाव्या अंगाचा शॉकअप

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला मला आरामशीर शॉकअप हवे होते, माझी कंबर आता खड्डे सोसत नाही. बोरगावहून मी सेलूच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो एकेक जोडी लावायचा, दोन्ही तळव्यांनी सीट दाबायचा आणि डोळे मिटून गाडी वर यायची वाट पाहायचा.

"मांगं कोन बसते?"

"कोनीच नाई. एकटाच असतो."

त्यानं एकट्याच्या वजनाची जोडी बसवली. गाडी अगदी गादीसारखी झाली.

महिन्याभरात डावा शॉकअप दबला. मी तणतणत परत गेलो. मिस्त्रीनं बोटं घालून दोन्हीकडचं अंतर मोजलं, मग मागच्या सीटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"एकट्याची गाडी अशी नाई दबत, भाऊ. दोन्ही पाय डावीकडे सोडून कोनी बाई बसून राह्यली."

माझी बायको तशीच बसायची. तिला जाऊन दोन वर्षं झालीत, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानं डावी स्प्रिंग दोन खाचा जास्त कसली, फडक्यानं मागची सीट पुसली. मी किक मारली तेव्हा तो माझ्या पाठीमागे बघत म्हणाला, "पदर सांभाळजो, माय."

घरी येईपर्यंत मी वळून पाहिलं नाही. प्रत्येक गतिरोधकाआधी मात्र, पूर्वी म्हणायचो तसंच, "धरून बस" म्हणालो. दर वेळी माझा उजवा खांदा जड झाला.