सुई काढा तिच्या हातातली

भुतंखेतं, अंगात येणं... मी कधीच मानलं नाही. आमच्या घरात तर नाहीच. बौद्ध झालो तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातला देवीचा टाक स्वतःच्या हातानं मोर्णा नदीत सोडला होता. सातवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीचं तुम्ही इथं छापता, तुमचे उपकारच आहेत. पण हे लिहिताना आजही डोकं तापतं... सांभाळून घ्या.

त्याला अठ्ठावीस-तीस वर्षं झाली असतील. माहेर वरूडकडं, सासर अकोल्यात. मला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाळ कच्चं आहे, कळा थांबवू. पिशवी सैल पडायचं औषध सलाईनमधून लावलं आणि गेले.

थोड्या वेळानं छाती अशी धडधडायला लागली की खाटच हलते वाटे. हात थरथर, तोंड भाजल्यासारखं. सासूबाईंना सांगितलं. डॉक्टर फेरीला आले, त्यांनाही सांगितलं. पहिलटकरीण घाबरतेच, म्हणाले. पुन्हा सांगितलं तर म्हणे, नाटकं बंद कर.

दुपारपर्यंत दातांवर दात आपटायला लागले, शब्द फुटेना. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई आमच्याच वस्तीतली, ती सासूबाईंना म्हणाली, "नदीत सोडली ना तुमी तिले? पाहा, वापस आली."

सासूबाई तिच्यावर खेकसल्या. पण मग माझ्याकडं वळल्या... आणि ज्या बाईनं देवी सोडली तिनंच हात जोडून मला विचारलं, "कोन व्हय तू? काय पायजे तुले?"

उत्तर आलं. माझ्याच तोंडून — पण जाड, म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"सुई काढा तिच्या हातातली."

तिच्या. माझ्या नव्हे.

सासूबाई धावतच गेल्या. दुपारच्या ड्युटीवर नुकतीच आलेली सिस्टर आली, तिनं नाडी धरली आणि सलाईन बंद केलं. हळूहळू छाती निवली. त्या सिस्टरचे उपकार फिटायचे नाहीत. लेक दोन दिवसांनी झाली, मूठभर... पण जगली. तिच्याच घरी, बडोद्याला बसून हे लिहिते आहे.

डॉक्टर नंतर सहज बोलून गेले, त्या औषधानं होतं असं कोणाकोणाला. मग आधी सांगायला काय जीभ झडत होती?

आवाज कोणाचा, मला आजही ठाऊक नाही. हे सुईमुळं होतंय हे मलाही माहीत नव्हतं. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, "तूच बोल्ली व्हतीस, बाई."

असेनही. पण सकाळपासून मी माझ्या आवाजात सांगत होते, तेव्हा कोणी जागचं हललं नाही.