पर्समधला नट

स्क्रूचे आटे पाडावेत तर आमच्या दौलतनेच. घोडपदेवच्या गाळ्यात एकाच लेथवर तीस वर्षं उभा आहे. शाळा आठवीपर्यंत, पण भले भले इंजिनीअर ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन त्याच्या दारात येतात. सख्खा धाकटा म्हणून सांगत नाही, जाऊन विचारा कोणालाही. खोड एकच. माणसावर विश्वास म्हणून नाही. चहावाल्याने कमी ओतला का, हे कप कलता करून बघतो.

त्याच्या तोडीचं गिऱ्हाईक एकदाच आलं. गिरगावच्या इनेझबाई, पुस्तकबांधणीवाल्या. सासऱ्यांच्या वेळच्या लोखंडी प्रेसचा स्क्रू मोडलेला. तो वरून फिरवला की खाली पुस्तकांचा गठ्ठा दाबला जातो. नवा बसला नाही तर प्रेस भंगारात. मुलाने उद्या दुपारी भंगारवाला बोलावूनही ठेवला होता.

बाईंनी मोडका तुकडा टेबलावर ठेवला.

"आणि नट?" दौलतने विचारलं.

"हाय ना. पर्समध्ये." बाईंनी पर्स पोटाशी धरली.

"द्या की मग."

"नाय हां मिस्त्री. गनमेटलचा हाय. मागे एकाने पंपाचा नट बदलून पितळेचा दिला मला. तू स्क्रू बनव, मी लावून बघीन."

दौलतच्या डोक्यात किडा वळवळला. नट न दाखवता काम? ही बाई समोरच्या गल्लीतल्या कुशाबा मिस्त्रीने पाठवलेली, आपला हात जोखायला.

"नका देऊ आंटी," तो म्हणाला. "तुकडा बघून आटे पाडतो. आपल्याला नट लागत नाही."

त्याने तुकड्याला पट्टी लावली. इंचात चार आटे. गिअर बदलले, चौकोनी टूल घासलं, रॉड चढवला. बाई स्टुलावर ठाण मांडून बसल्या. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या, तो त्यांच्या पर्सकडे. दोन तास असेच गेले.

स्क्रू झाला. बाईंनी पाठ फिरवून नट काढला, स्वतःच लावला. अर्ध्या फेऱ्यात अडकला.

"बघ! मला वाटलंच!"

"हा नट ह्या स्क्रूचा नाहीच. कुशाबाने दिला ना?"

"कोण कुशाबा? माझ्या सासऱ्याचा नट हाय हा! डोळे फुटले काय तुझे? घे, बघ!"

नट त्यांनी त्याच्या हातात कोंबला खरा, पण शर्टाची बाही धरूनच ठेवली.

दौलतने नट उजेडात धरला. तोंडाशी एक खाच इथे सुरू होत होती आणि बरोब्बर समोर दुसरी. दोन खाचा शेजारून शेजारून आत गेलेल्या. तुकड्यावरही आट्यांचा तिरकेपणा दुप्पट होता, पहिल्या नजरेत कळायला हवा होता. पण नजर पर्समध्ये!

"डबल स्टार्ट आहे," तो हळूच म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे आटे दोन, मी एकच पाडला. चुकी माझी."

हे वाक्य दौलतच्या तोंडून आमच्या घरात आजवर कोणी ऐकलेलं नाही.

"आता?"

"नवा रॉड चढवतो. पण नट मला इथे लागेल, लावून लावून बघायला. उद्या अकराला या."

बाईंची मूठ बाहीवर आणखी घट्ट झाली. दौलतने दुसऱ्या हाताने ड्रॉवर ओढला आणि लाकडी डबी पुढे केली. आत वडलांचा मायक्रोमीटर, मिलच्या वेळचा. त्याला दौलत मलाही, मोठ्या भावालाही, हात लावू देत नाही.

"हा घेऊन जा. उद्या हा द्या, नट न्या."

बाईंनी डबी उघडली. "ओरिजिनल हाय?"

"आंटी!"

डबी पर्समध्ये गेली. बाही सुटली. मग बाईंनी टेबलावरचा खिळा उचलून नटाच्या कडेला बारीक खूण ओरखडली. मायक्रोमीटरवर कोरलेला नंबर दौलतला पाठ होता, तो त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकराला आधी बाईंनी खूण बघितली, मग ह्याने नंबर. स्क्रूकडे बघायचं सुचलं ते नंतर. दौलतने स्क्रू उभा धरला, वरून नट लावून सोडून दिला. तो आपल्या वजनानेच गरगरत खाली उतरला.

बाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "भंगारवाल्याला सांग, येऊ नको."