वासूच्या खोलीतली पांढरी वाळू

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी वायरमन माणूस. दिवा लागला नाही तर मी बाधा शोधत बसत नाही, फ्यूज बघतो. तरी हे लिहायला बसलोय... कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही हाती काही लागलेलं नाही.

मी किहीमचा. आमच्याकडे माडांच्या सावलीत साहेबलोकांचे बंगले होते. स्वातंत्र्यानंतर एकेक कुटुंब विलायतेला परत गेलं आणि त्यांच्या जड, बिघडलेल्या वस्तू माळ्यांच्या गळ्यात पडल्या. त्यातलाच एक व्हॅक्यूम क्लीनर एका माळ्याने मला आणून दिला — लांबट नळकांडं, खाली लोखंडी पट्ट्या, पुढे लांब नळी. मी मोटर उघडली, झिजलेले कार्बन बदलले, गंजलेली कड घासली, आणि ते घुंऽऽ करून सुरू झालं तेव्हा जो आनंद झाला तो काय सांगू! तिथून नादच लागला. कुठे बंगला रिकामा होतोय असं कळलं की मी हजर. बायको म्हणायची, "एका केरसुणीने भागतं, तिथे यांनी घरभर सोंडा पाळल्यात!"

गावाने नाव ठेवलं, केरखाऊ. यंत्राला की मला, ते मी कधी विचारलं नाही.

हे नाव पाडलं शेजारच्या चंद्राकाकींच्या वासूने. गलबतावर खलाशी होता. घरी असला आणि माझ्या पडवीत मोटरचा आवाज झाला, की कुंपणापलीकडून ओरडायचा, "केरखाऊ जेवला का रं?" मी वैतागायचो. पण तो दर्यावर गेला की पडवी सुनी वाटायची, हेही खरं.

एकदा वासू मलबारकडे माल घेऊन गेला तो परत आलाच नाही. मध्ये मोठं वादळ झालं होतं. गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही. मालकाने हात वर केले. गावातली मोठी माणसं काकींना म्हणाली, आता त्याचं दिवसपाणी करून टाका. काकी ऐकेनात.

आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. मयत उचलल्यावर घर झाडतात ना, म्हणून. बाकीचे लोक संध्याकाळपर्यंत थांबतात, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. काकींचं मात्र ठरलेलं होतं, वासू पोचल्याचा निरोप आला की मगच त्याच्या खोलीला केरसुणी लावायची. या खेपेला निरोपच आला नाही. खोलीत धुळीचा थर चढला, कोपऱ्यांत जाळी लोंबायला लागली. कोणी काही बोललं की काकी म्हणायच्या, "निरोप आला न्हाय, म्हंजे तो वाटेवर हाय."

पुढे त्यांची मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात आडोशाची खोली तेवढी एकच. एका दुपारी काकी माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या.

"बाबू, तुजा केरखाऊ झाडतो का रं?"

"झाडत नाही काकी. हवा खेचतो, हवेबरोबर धूळ जाते."

"म्हंजे केरसुणी न्हाय."

"नाही."

"मग त्याला झाडलं म्हनत न्हाईत. व्हय ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रीतही मोडायची नाही, पोरीलाही धुळीत निजवायचं नाही, यातून त्या बिचारीने शोधलेली ही वाट होती. मी म्हटलं, "नाहीच म्हणत, काकी."

त्यांच्याकडे वीज नव्हती. माझ्या पडवीतून वायर ओढली. तेच पहिलं नळकांडं घेतलं. आत मांजरपाटाची पिशवी घातली, नुकतीच शिवलेली, कोरी. काकी उंबऱ्यावर उभ्या, कमल ओटीवर. मी जाळी खेचली, खाटेखालची धूळ खेचली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग मोटरचा आवाज जड झाला. पिशवी भरली असेल म्हणून मी बंद केलं आणि अंगणात नेऊन उघडलं.

पिशवीतून पाणी ठिबकत होतं. आत धूळ नव्हतीच. ओली वाळू होती. आमच्या किनाऱ्याची वाळू काळपट, ही पांढरीशुभ्र. त्या वाळूत एक काळा करदोटा होता, तांब्याचा मणी ओवलेला. भिजलेला, पण गाठ शाबूत.

काकींनी तो उचलला, गाठीवरून बोट फिरवलं.

"ह्यो मी बांधला व्हता त्याच्या कमरेला. ह्याच उंबऱ्यावर, निघताना."

मग तो कमरेला खोचून काकी म्हणाल्या, "कमल, केरसुणी दे."

त्यांनी ती खोली कोपऱ्यापासून दारापर्यंत स्वतः झाडली, मयत नेल्यावर झाडतात तशी. आणि दारापाशी आल्यावर केरसुणी हातात धरूनच त्या मोठ्याने रडल्या. मीही रडलो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

घरी येऊन मी मोटर खोलली. इतकं पाणी आत गेल्यावर ती जळायलाच हवी होती. ती कोरडी ठणठणीत होती. गलबतं चालवलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला वाळू दाखवली. तो म्हणाला, अशी वाळू मलबारच्याही पलीकडे, भर दर्यातल्या बेटांवर असते. कोणी म्हणतं, वासूनेच मागच्या खेपेला आणली असेल. असेल! पण कोरड्या खोलीत ती ओली कशी राहिली? आणि उंबऱ्यावर बांधलेला करदोटा मागे खोलीत कसा आला?

कमलला मुलगी झाली, त्याच खोलीत. बारशाला गेलो तेव्हा काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबू, मालकानं शोधला न्हाय, कोनी शोधला न्हाय. तुज्या केरखाऊनं शोधला."

ते यंत्र अजून उत्तम चालतं. तेलपाणी करून अधूनमधून सुरू करतो, आणि सुरू केलं की नकळत कुंपणाकडे बघतो. केरखाऊ जेवला का, असं आता कोणी विचारत नाही.