मालनच्या डोक्याचा फोटो

"चाल," डॉक्टर म्हणाला. माझी बायको चालली. "आता वळ." ती वळली. खुर्च्यांवर चार शिकाऊ डॉक्टर बसले होते. मोहोळच्या बाजारात बैल घेताना चालवून बघतात, तसं बघत होते.

डॉक्टर हसला. "हिला काय झालंय? ही तर माझ्यापेक्षा बरी चालते."

पोरंही हसली. मालन खाली बघत उभी राहिली. मी हात जोडून.

मालन सोलापूरच्या एका गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. कामाला वाघीण. मग एक डोळा अंधुक झाला, पुन्हा दिसायला लागला. मग पाय. सकाळी धड असायची, दुपारी खातं तापलं की पायातला जीव जायचा. जॉबरनं, म्हंजी खात्याच्या मुकादमानं, सगळ्यांपुढं विचारलं, "पिऊन येतीस व्हय गं?" ती महिनाभर घरी बसली. गिरणीनं सांगितलं, आमच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, ही आजारी आहे म्हणून. न्हाई तर नाव कमी.

म्हणून आलो होतो. आणि चूक मी केली. मोठ्या माणसाकडं जायचं, घामट अंगानं कसं न्यायचं? पहाटे हौदाचं गार पाणी तिच्या अंगावर ओतलं. डोकं धुतलं. नवं लुगडं नेसवलं, ऊन चढायच्या आत टांग्यानं नेलं. गार पाण्यानं तिच्या पायातला जीव घटकाभर माघारी यायचा. मला काय माहीत? तिचं दुखणं मीच धुऊन-पुसून त्याच्यापुढं उभं केलं.

त्या चौघांत एक मुलगी होती. ती एकटी हसली नव्हती. बाहेर येऊन तिनं सगळं विचारलं. म्हणाली, वायरीवरचं रबर जावं तसं मेंदूतल्या तारांवरचं आवरण जातं, उन्हात ते जास्तच जाणवतं. मुंबईत डोक्याचे आतून फोटो काढणारं मशीन नुकतंच आलं होतं. तिनं चिठ्ठी दिली. आमी गेलो. फोटो घेऊन आलो. मला वाटलं, आता पुरावा हातात हाय. आता कोण खोटं म्हणतंय बघू.

मे महिना. दुपारी बारा. या खेपेला मालनला त्याच डॉक्टरकडं काखेत हात घालून आणली. बाकावरच तिचं लुगडं ओलं झालं. लघवी आता तिच्या हातात राहिली नव्हती. नर्सनं नाकाला पदर लावला.

डॉक्टरनं फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. मालनकडं बघितलंसुद्धा नाही. पेन्सिलीनं दाखवलं. "एवढासा डाग. एवढ्यानं कुणी लुळं पडतं होय? फोटो खोटं बोलत नाही. बाई बोलते."

मालन म्हणाली, "फोटूला काय इचारताय सायेब? पाय माजं हायेत की."

"तू गप बस."

जन्मभर मी व्हय सायेब म्हणत आलो. गिरणीत, कचेरीत, देवळात. त्या दिवशी पुढं झालो आणि फोटो पेटीवरून ओढून काढला. म्हणालो, "तिला गप म्हणायचं न्हाई. ह्यो तिच्याच डोक्याचा हाय. ती बोलंल, तुमी ऐका."

त्यानं ऐकलं नाही. कागदावर लिहिलं, कामाला लायक. कागद मिळाला म्हणून सही कर म्हणाला. मी केली नाही. नाव कमी झालं. व्हायचंच होतं.

त्या मुलीनं नंतर मला सांगितलं, डाग केवढा यापेक्षा कुठं आहे ते बघायचं असतं. आणि मशीनला सगळं दिसतही नाही. एवढं शिकाऊ मुलीला कळलं. मोठ्याला कळून घ्यायचं नव्हतं.

मालन चार वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखमा पडल्या. शेवटी घास गिळता येईना. खोटं बोलणारी बाई मेली.

तेराव्यानंतर त्या डॉक्टरचा माणूस दारात आला. म्हणाला, असा पेशंट विरळा, सायबांना शिकवायला तो फोटो पाहिजे. तुमाला आता त्याचा काय उपयोग?

मी त्याला उंबऱ्यावरनंच परत लावला. निरोप दिला, शिकवायचं असलं तर मला बोलवा. मी चौथी शिकलोय, पण हे मला पाठ हाय. पोरांपुढं आधी मी बोलणार. ती कुठं पडली, कशी पडली, तुमी काय म्हणालात, ती काय म्हणाली. समदं. फोटो त्याच्यानंतर.

तिला गप करून तिचा फोटो मी जिता हाय तोवर कुणाच्या पेटीवर चढू देणार न्हाई.