सोपानदादांची चक्कर

कळंबात नवी गाडी आली की ती आधी सोपानदादांकडं जायची. तीस वर्षं एसटी हाकलेला माणूस. गाडीत बटाट्याची पोती भरायची, डिंभ्याच्या पुढचा घाट चढवायचा, वर थांबून बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘‘घे,’’ नाहीतर ‘‘नको.’’ त्या एका शब्दावर सौदे ठरायचे आणि मोडायचेही.

मंचरच्या जावेदची विजेची गाडी मात्र दादांनी शोरूममध्येच पास केली. काचेच्या कपाटात चकचकीत करंडक, वर्षातली उत्तम गाडी म्हणून मिळालेला. भिंतीवर पाच तारे. फोनवर लोकांची वाहवा. तिथं पोती मागवायची दादांनाच लाज वाटली. ‘‘एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी तपासलीय,’’ ते म्हणाले होते, ‘‘माझी चक्कर कशाला? घे.’’

आज सकाळी चहा पिताना नात श्रेया फोनवर वाचत होती.

‘‘आबा, हे पाच तारे धडकेचे आहेत.’’

‘‘कसल्या धडकेचे?’’

‘‘गाडी आपटली तर आतली माणसं किती वाचतात, त्याचे. घाटाचा, चार्जिंगचा त्यात काही संबंध नाही.’’

‘‘आन् करंडक?’’

‘‘शहरात चालवून दिलेला दिसतोय.’’

‘‘लोकांनी लिवलंय ते?’’

‘‘बहुतेकांनी पहिल्याच आठवड्यात लिहिलंय. नव्या नवरीला नावं कोण ठेवतं?’’

दादांचा चहा तसाच राहिला. जावेद आज पहिलं भाडं घेऊन आहुप्याला निघणार होता. वर चार्जिंग नाही. त्यांनी मिळेल ती जीप पकडून मंचर गाठलं.

जावेदच्या गाडीत पुण्याचे तीन पाहुणे मागं बसलेले. दादा पुढचं दार उघडून सरळ आत शिरले.

‘‘दादा, तुमी कुटं?’’

‘‘देवराई बघायचीय.’’

‘‘साठ वर्षांत नाय बघितली?’’

‘‘गाडी हाक.’’

पडद्यावर बॅटरीचे शहाण्णव टक्के होते. घोडेगावला ऐंशी. पाहुण्यांनी एसी वाढवायला सांगितला, दादांनी ओठ आवळले. घाट लागला तसा आकडा वळणावळणाला गळायला लागला. इंजिनचा आवाज असता तर दादांना कळलं असतं, दम लागलाय की नाही. ही मुकाट चढत होती. त्यांचा उजवा पाय, नसलेला ब्रेक दाबून दाबून, भरून आला.

‘‘गप का दादा?’’ जावेदनं हळूच विचारलं. त्याचीही नजर रस्त्यावर कमी आणि आकड्यावर जास्त होती.

‘‘पुढं बघ.’’

आहुप्यात पोचले तेव्हा अडतीस उरले होते. येताना अठ्ठावन्न गेलेले. पाहुणे दोन दिवसांसाठी उतरले, ‘‘परवा दहाला या हं,’’ म्हणून पिशव्या उचलून चालते झाले. दादांनी सवयीनं बॉनेटवर तळहात ठेवला. गार. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या हाताला काही कळलं नाही.

त्यांनी रेंज शोधत बांधावर जाऊन, त्यांच्याच शब्दावर तसलीच गाडी घ्यायला निघालेल्या गावातल्या भागूला फोन लावला. ‘‘भागू, गाडी बुक केली का? मग थांब. माझ्या शब्दावर घेऊ नको. मी ती चालवलीच न्हाई.’’

वळले तर मागं जावेद उभा.

‘‘त्याला थांबवलंत,’’ तो म्हणाला. ‘‘मला नाय थांबवलं.’’

‘‘न्हाई थांबवलं.’’

‘‘मी तारे बघून नव्हती घेतली, दादा. तुमी घे म्हणालात म्हणून घेतली.’’

 दादा गाडीत बसले. ‘‘एसी बंद कर. काचा उघड. उतारावर रेसवरनं पाय उचलून ठेव, मी सांगतो तवाच दाब.’’

उतारावर फिरत्या चाकांनीच बॅटरी थोडी भरली, अडतीसचे एकोणचाळीस झाले, मग चाळीस. जावेद किंचित हसला. दादा हसले नाहीत. उतार संपला की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. डिंभ्याला तीस. घोडेगावला पंधरा. पुढं बॅटरी उतरली तसा गाडीनं आपणहून वेग कमी केला, मागून ट्रकवाले हॉर्न मारत राहिले. मंचरमध्ये जावेदच्या दारात शिरले तेव्हा आकडा चार होता.

वायर लावून जावेद पायरीवरच बसला. ‘‘परवा तिगांना घेऊन कसं उतरू?’’

‘‘उद्या चार पोती बटाटा भर.’’

‘‘आता? गाडी घेऊन झाली की.’’

‘‘झाली,’’ दादा म्हणाले. ‘‘पण माझी चक्कर राह्यलीय. भरल्या गाडीनं कुटं बंद पडती ते परवाच्या आधी कळू दे. पडली तर पोती पडतील रस्त्यात, माणसं न्हाई.’’